तुझ्या घरचं होतं का कोणी?

प्रश्न विचारणारा पोरगा नागपूरचाच, चोवीस वर्षांचा, लिव्हरपूल ह्या इंग्लंडच्या फुटबॉल क्लबचा कट्टर फॅन. त्याचं म्हणणं थोडक्यात असं का त्या क्लबचा खेळाडू डिओगो जोटा गेला तेव्हा तो दोन दिवस धड जेवला नाही, त्याच्या आधी झाकीर हुसेन गेले तेव्हाही तसंच झालं होतं, आई म्हणते "तुझ्या घरचं होतं का कोणी?", मित्र हसतात, तर हे वेडेपण आहे का? आणि दुसरं म्हणजे त्याला जोटावर काहीतरी लिहायचंय, तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा सगळ्यांसारखंच झालं, मग कसं लिहायचं? सोबत आपला मजकूर पण पाठवला आहे त्यानं.

मी डॉक्टर नाही, समुपदेशक पण नाही. पस्तीस वर्षं एका मराठी पेपरच्या नागपूर डेस्कवर रात्रपाळी केली, जास्तीत जास्त खेळाच्या पानावर, आणि माणसं कमी पडली का पहिल्या पानावर. मोठा माणूस गेला का लावलेलं पान मोडून नवं लावायचं, हे काम मी इतक्या वेळा केलं का घरी बायको म्हणायची तुमचा फोन रात्री वाजला म्हणजे कोणीतरी गेलंच. तेव्हा मी जे सांगून राहिलो ते त्या खुर्चीवरून सांगून राहिलो असं समज.

पहिले आईच्या प्रश्नाचं बघू, कारण तो मी माझ्याच घरात ऐकलेला आहे. १ ऑगस्ट १९८० ची सकाळ, मी सोळा वर्षांचा. बाबा अजनीच्या लोको शेडमध्ये होते, नाईट करून आले, हातपाय धुतले, आईनं पोहे पुढे ठेवले आणि रेडिओवर बातमी आली का मोहम्मद रफी रात्री गेले. बाबांनी प्लेट तशीच सरकवली, पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले. झोपले नव्हते, मला दिसत होतं. आई दोनदा बोलवायला गेली आणि तिसऱ्यांदा वैतागून म्हणाली, "तुमच्या घरचं होतं का कोणी?" बाबा काही बोलले नाही. पुढे कितीतरी वर्षांनी काकांकडून कळलं का लग्नाआधी बाबा इटारसीला होते तेव्हा खोलीत एकटे राहायचे, शेजारच्या पानठेल्यावर रेडिओ होता, आणि त्या तीन वर्षांत संध्याकाळी त्यांच्याशी बोलणारा आवाज म्हणजे तेवढाच. आता मला सांग, घरचं नव्हतं कसं?

आणि तीच माझी आई, ६ फेब्रुवारी २०२२, रविवार, वसंत पंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लताबाई गेल्या तेव्हा टीव्हीसमोर जी बसली ती शिवाजी पार्कवरचं सगळं आटपेपर्यंत उठली नाही. कुकरमध्ये पाणी घालायचं विसरली, डाळ जळाली, घरभर वास. मी ऑफिसला निघालो होतो, ती जिभेवर आलेली ओळ मी गिळली. म्हणजे आईला समजावत नको बसू, तिचं माणूस अजून जायचं असेल, किंवा गेलं असेल आणि तुला तेव्हा कळलं नसेल.

आता वेडेपण आहे का, तर नाही बावा. रात्री अकरा-बाराला डेस्कवरचा लँडलाईन वाजायचा, पलीकडचा माणूस फक्त एवढं विचारायचा, "खरं आहे का?" १३ ऑक्टोबर १९८७ ला किशोरकुमार गेला तेव्हा मला नोकरी लागून वर्ष पण झालं नव्हतं, त्या रात्री मी फोन उचलायलाच बसलो होतो म्हटलं तरी चालेल. रिक्षावाले, मेडिकलचे पोट्टे, एक बाई जी पलीकडून काही बोललीच नाही, हो म्हटल्यावर फक्त ठेवून दिला. मी तेव्हा नवखा, मला वाटायचं हे लोक रेडिओवर ऐकलं तरी परत काहून विचारतात. मग समजलं का त्यांना बातमी नको असते, कोणीतरी माणसाच्या आवाजात हो म्हणायला पाहिजे असतं. आता ते काम मोबाईल करतो आणि भलतंच करतो, त्यावर येतो पुढे.

तू एक वाक्य लिहिलं आहेस का "हल्ली फारच लोक जाऊन राहिले, असं आधी नव्हतं." असं वाटतं खरं. २०२२ चे पहिले पाच महिने आठव, ६ फेब्रुवारीला लताबाई, १५ ला बप्पी लाहिरी, ४ मार्चला ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर शेन वॉर्न, १० मेला शिवकुमार शर्मा, १४ मेला ऑस्ट्रेलियाचाच क्रिकेटर अँड्र्यू सायमंड्स, ३१ मेला गायक केके. आमचा आर्टिस्ट म्हणायचा काळी चौकट आता कॉम्प्युटरवर कायमची उघडीच ठेवतो. पण त्यात शाप-बिप काही नाही, साधा हिशोब आहे. बाबांच्या तरुणपणी देशभर ओळखीचे म्हणावे असे चेहरे-आवाज मोजकेच होते, रेडिओ आणि सिनेमा जेवढे देईल तेवढे. मग टीव्ही आला, कॅसेट आली, नव्वदनंतर केबल आली, ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर नागपूरच्या महाल भागातल्या पोराला शेजाऱ्यासारखा माहीत झाला. ज्यांना आपण घरात घेतलं अशा लोकांची संख्याच कित्येक पट वाढली आणि त्यातले पहिले आता सत्तरी-ऐंशीला आले. वॉर्न ५२, सायमंड्स ४६, केके ५३, हे अवेळी गेले ते वेगळं. पण एकूण आकडा वाढणारच होता, आणि तुझ्या खिशातला फोन त्यातला एक पण चुकू देत नाही.

वॉर्नच्या दिवसाचं सांगतो, कारण तो डेस्कवरचा माझा सगळ्यात वाईट दिवस. ४ मार्च २०२२, शुक्रवार. मोहालीत विराट कोहलीची शंभरावी टेस्ट सुरू झालेली, पान त्याच्यावरच लावलं होतं, कोहली ४५ वर आऊट. खाली सिंगल कॉलममध्ये ऑस्ट्रेलियाचा जुना विकेटकीपर रॉड मार्श गेल्याची बातमी, आणि त्या बातमीत शेवटी श्रद्धांजली कोणाची, तर शेन वॉर्नची, त्यानं त्याच दिवशी ट्वीट केलं होतं. संध्याकाळी थायलंडहून वॉर्नचीच बातमी आली. एक मिनिट आम्हाला वाटलं कोणीतरी मार्शच्या बातमीत नाव चुकवलं. पान मोडलं, कोहली खाली गेला, वॉर्न वर आला, आणि मार्शच्या कॉलममधली ती शेवटची ओळ ठेवायची का काढायची यावर आम्ही तिघं दहा मिनिटं भांडलो. ठेवली. मला आजही वाटतं बरोबर केलं.

पण त्या रात्री घरी जाताना, दीड-दोन वाजले असतील, मी सिव्हिल लाईन्समधून विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या जुन्या व्हीसीए ग्राउंडजवळून आलो आणि गाडी आपोआप हळू झाली. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये तिथं हिरव्यागार पिचवर ऑस्ट्रेलियानं आपल्याला ३४२ रन्सनी धुतलं होतं, सिरीज घेऊन गेले होते. वॉर्न त्या टेस्टमध्ये होता, पण मॅच गाजवली गिलेस्पीनं आणि डेमियन मार्टिननं, त्या पिचवर स्पिनरला काय काम. मग मला काय आठवावं? लंच टाईमला बाउंड्रीजवळ उभा तो जाडसर माणूस आणि माझ्या खांद्यावर बसलेला माझा सहा वर्षांचा पोरगा, "बाबा, हा खेळून नाही राहिला का?" पोरगा आता बंगलोरला आहे, बोलणं आठवड्याला एकदा, ते पण जेवला का, पाऊस आहे का. मी त्या रात्री वॉर्नसाठी हळवा झालो का खांद्यावरच्या वजनासाठी, ते मला अजून नीट सांगता येत नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ह्याच जागी आहे. तो माणूस तर जातोच, त्याच्यासोबत आपला एक तुकडा पण जातो ज्याची चावी त्याच्याजवळ होती, आणि हे लोकांना दिसत नाही म्हणून ते हसतात.

हां, पण एक सरळ सांगून ठेवतो. दोन दिवस जेवण गेलं नाही ते चालतं. दोन-तीन आठवडे झोप नाही, कामावर जावंसं वाटत नाही, स्वतःचंच काही बरंवाईट करावं असं मनात येतं, तर ते जोटाचं दुःख नाही, त्याच्या मागे दुसरं काहीतरी आहे आणि त्यासाठी डॉक्टरकडे जायचं. सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. झालं, पुढे चल.

लिहिण्याचं. त्याआधी खरं-खोटं, कारण तो आमच्या धंद्याचा पहिला धडा. १५ डिसेंबर २०२४, रविवार रात्र. मी रिटायर होऊन दोन वर्षं झालेली. डेस्कवरच्या पोराचा फोन, "सर, झाकीर हुसेन गेले म्हणून सगळीकडे चालू आहे, डाक आवृत्ती सुटायची वेळ झाली, घेऊ का?" गडचिरोली-चंद्रपूरकडे जाणारी गाडी थांबत नाही, आणि दुसऱ्या दिवशी बाकी सगळ्यांकडे असेल आणि आपल्याकडे नसेल ही भीती मला पण माहीत आहे. म्हटलं घरच्यांपैकी कोणी बोललं का? नाही. मग "प्रकृती चिंताजनक" एवढंच घे. थोड्या वेळात घरच्यांकडून आलं का ते जिवंत आहेत, प्रार्थना करा. सकाळ होता होता कुटुंबानं कळवलं का सॅन फ्रान्सिस्कोच्या हॉस्पिटलमध्ये गेले, वय ७३, फुफ्फुसाचा आजार. आता कोणी म्हणेल शेवटी खरंच तर निघालं, चार-सहा तासांनी काय फरक पडतो? फरक त्या घराला पडतो बावा. माणूस आत श्वास घेऊन राहिला आणि बाहेर जग त्याला हार घालून राहिलं, ह्याच्यापेक्षा घाण काही नाही. झिम्बाब्वेचा क्रिकेटर हीथ स्ट्रीकचं तर २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याच्याच जुन्या सहकाऱ्यानं, हेन्री ओलोंगानं, गेला म्हणून टाकलं आणि मग स्वतःच दुरुस्त केलं का थर्ड अंपायरनं त्याला परत बोलावलं. लोक हसले. दहा-बारा दिवसांनी, ३ सप्टेंबरला, तो खरंच गेला, ४९ वर्षांचा.

तर तू तुझ्यापुरतं एवढं पाळ: घरचे किंवा टीम बोलल्याशिवाय फॉरवर्ड नाही. आणि कारणाचा अंदाज तर कधीच नाही. इंग्लंडचा क्रिकेटर ग्रॅहम थॉर्प ४ ऑगस्ट २०२४ ला गेला, कसा गेला हे घरच्यांनी आठवडाभरानं स्वतः सांगितलं, त्यांना जेव्हा सांगायचं होतं तेव्हा. केकेच्या वेळी कोलकात्याच्या स्टेजवर घाम पुसतानाचे त्याचे व्हिडिओ दोन दिवस सगळ्यांच्या फोनवर फिरत होते, मला पण चौदा जणांनी पाठवले. माणसानं आयुष्यभर गायलं आणि आपण काय जपून ठेवलं, तर घाम.

आता पद्माकर शिवलकर. तू म्हणशील मधातच हे कोण, आणि तसंच डेस्कवरच्या पोट्ट्यांनी पण विचारलं. पण मला लिहिण्याबद्दल जे सांगायचंय ते ह्या माणसाशिवाय सांगता येत नाही.

२ मार्च २०२५, रविवार, नागपूरजवळ जामठ्याच्या स्टेडियमवर रणजी फायनलचा शेवटचा दिवस, केरळविरुद्ध. मॅच ड्रॉ, पहिल्या डावाच्या आघाडीवर विदर्भ चॅम्पियन, तिसऱ्यांदा. मी गेलो होतो, उन्हात डोकं तापलेलं पण माणूस खूश. त्या सिझनला आपल्या हर्ष दुबेनं ६९ विकेट काढल्या, रणजीच्या एका सिझनचा रेकॉर्ड. डावखुरा स्पिनर. घरी आलो, पोरांनी सक्करदऱ्यात फटाके फोडले. आणि दुसऱ्या दिवशी, ३ मार्चला, मुंबईत शिवलकर गेले, वय ८४. ते पण डावखुरे स्पिनर. १२४ फर्स्ट क्लास मॅच, ५८९ विकेट, सरासरी वीसच्या आत, आणि टेस्ट किती तर शून्य. कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी होता आणि टीममध्ये तसा एकच चालायचा. १९७३ च्या रणजी फायनलमध्ये चेपॉकवर तामिळनाडूविरुद्ध एका डावात १६ रन्समध्ये ८ आणि दुसऱ्यात १८ मध्ये ५. तरी नाही. २०१७ साली बोर्डानं जीवनगौरव दिला, तो कर्नल सी. के. नायडूंच्या नावाचा, आणि नायडू जन्माला आले आपल्या नागपुरात. गाणं पण म्हणायचे शिवलकर, चांगलं म्हणायचे.

त्या दिवशी सगळीकडे जे छापून आलं त्यात "क्रिकेटविश्वात पोकळी" होतं. अरे, कुठली पोकळी? ज्याला तुम्ही आत घेतलंच नाही तो गेल्यावर पोकळी कशी होईल? मला फार राग आला, रिटायर माणसाला राग यायला वेळ भरपूर असतो. डेस्कवरच्या पोराला मीच फोन केला, म्हटलं कालच हर्षवर पूर्ण पान केलं ना, तर आज लिही का आदल्या दिवशी विदर्भाच्या पोरानं ज्या कलेत कप आणला त्याच कलेत हा माणूस ५८९ विकेट घेऊन घरी बसला होता. त्यानं लिहिलं. आकडे तेच जे एजन्सीनं दिले होते, पण ते इथून, जामठ्याहून बघितलेले. दुसऱ्या दिवशी हिंगण्याच्या एका शाळेतल्या पीटी मास्तरांचा फोन आला म्हणे, ते विद्यार्थीदशेत मुंबईला एका मॅचला गेले होते, शिवलकरांची बॉलिंग बघायला, ते सांगता सांगता रडले.

तू जो मजकूर पाठवला तो मी डेस्कवर वाचायचो तसा लाल पेन घेऊन वाचला, राग मानू नको. "फुटबॉलच्या आकाशातला एक तारा निखळला" हे मी पस्तीस वर्षांत किती वेळा कापलं त्याचा हिशोब नाही. "काळाच्या पडद्याआड", "युगाचा अंत", "भरून न येणारी हानी", "पंचत्वात विलीन", हे सगळे आमच्या कपाटातले तयार कपडे आहेत, कोणालाही घाला, कोणालाच मापाचे होत नाही. आम्ही वापरतो कारण आमच्याकडे वीस मिनिटं असतात. पेलेचा मजकूर तर महिनाभर आधीच तयार होता, ते हॉस्पिटलमध्ये होते म्हणून, तीन वर्ल्ड कप, १९७७ ला कोलकात्याला आले होते ते, सगळं भरून ठेवलं होतं, २९ डिसेंबर २०२२ च्या मध्यरात्री बातमी आली आणि फक्त तारीख टाकून पान सोडलं. माझी शेवटून तिसरी रात्रपाळी. चूक एक पण नव्हती त्यात आणि जीव पण नव्हता. तुला कोणी घाई केली आहे? पुढचा परिच्छेद तर पूर्ण जोटाची माहितीच आहे, जन्म, क्लब, किती गोल, २२ जूनला लग्न आणि ३ जुलैला स्पेनमध्ये अपघात, सोबत भाऊ आंद्रे पण गेला, लिव्हरपूलनं २० नंबरची जर्सी कायमची बाजूला ठेवली. सगळं बरोबर आहे, तपासलं मी. पण हे ज्याला पाहिजे त्याला एका मिनिटात सापडतं, त्यासाठी नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या पोराची गरज नाही.

आमच्याकडून पण माप चुकतं, असं नको समजू का म्हातारा उगाच शहाणपणा शिकवून राहिला. ४ जानेवारी १९९४ ला आर. डी. बर्मन गेला तेव्हा आम्ही त्याला दोन कॉलम दिले, फोटोसकट. त्या वेळी त्याचे दिवस गेलेत असं सगळे म्हणायचे म्हणून मी पण म्हटलं. सहा महिन्यांत त्याची शेवटची गाणी घरोघरी वाजायला लागली आणि मी पानठेल्यावर उभा राहून ती ऐकताना मान खाली घालायचो. तेव्हापासून ठरवलं, ज्याच्याबद्दल लोक आज काय म्हणतात ते सोडायचं, आपल्याला काय माहीत आहे ते लिहायचं.

तर तुझ्या मजकुराच्या एकदम शेवटी, धन्यवादाच्या आधी, एक वाक्य आहे जे तू बहुतेक थकून लिहिलंस. "डर्बीच्या रात्री आमच्याकडे लाईट गेली होती, दादा पुण्याला, तो फोन टीव्हीसमोर धरून बसला होता आणि मी त्याच्या फोनवरून मॅच बघत होतो, जोटाचा गोल मला अर्धाच दिसला कारण दादा उडाला." बस, बावा. हे वाक्य उचलून पहिल्या ओळीत आण आणि त्याच्या वरचं सगळं उडव. तो गोल साधा गोल नव्हता हे तुला माहीत आहे, डर्बी म्हणजे त्याच शहरातल्या एव्हर्टनविरुद्धची मॅच, एक-शून्य, आणि लिव्हरपूलसाठी त्याचा तो शेवटचाच ठरला, हे खाली कुठेतरी एका ओळीत येऊ दे, फार ताणू नको. भावासोबत भाऊ गेला हे पण एकदाच सांग आणि तुझ्या दादाशी त्याची जोडणी तू करू नको, वाचणारा करतो.

आणि लिहायच्या आधी दादाला फोन लाव. खरंच लाईट तुझ्याकडे गेली होती का त्याच्याकडे, गोल त्यानं ओरडून सांगितला का तुला आधी दिसला, नेट किती अडकत होतं, त्याला जे आठवतं ते तुझ्याशी जुळणार नाही, दोन्ही लिही. हो, आणि तारीख दुरुस्त कर. तू २ एप्रिल २०२५ लिहिली आहे, ती तिकडची. मॅच सुरू झाली तेव्हा आपल्याकडे बाराच्या वर झाले होते, म्हणजे ३ एप्रिल.